आई नको म्हणाली

आई नको म्हणाली. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

दुपट्यांसाठी ती तिची जुनी सुती साडी फाडत बसली होती. काठाला दातांनी चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडत न्यायचं. चरचर आवाज, बारीक धागे उडून तिच्या चष्म्यावर बसत होते. मी म्हटलं, लेबर रूममध्ये तू असशील ना. विचारलं असंही नाही खरं तर, मी धरूनच चालले होते. तिने मान वर केली नाही. "मला नको गं आत बोलावूस. निखिलला ने."

निखिल येईलच. त्याच्या रजेचं काय व्हायचं ते होईल, त्यावर आज लिहायचं नाहीये.

पण आई नको म्हणाली. डिंक तळते, खारीक कुटते, तुळशीबागेत उन्हात उभी राहून झबल्याच्या गाठी आतून टोचतात का ते बोट फिरवून बघते, आणि ज्या घडीला मला ती हवी नेमकी त्याच घडीला बाहेर बसणार. संध्याकाळी खोलीत जाऊन रडले. नववा लागल्यापासून रडू लवकर येतं, पण हे तसलं नव्हतं.

भीती दुखण्याची नाही. म्हणजे आहेच, पण तिच्यावर काम चाललंय. शनिवारच्या बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गात सिस्टर मुठीत बर्फाचा खडा धरायला लावतात, मिनिटभर. पहिल्यांदा सगळ्यांचे खांदे कानाला लागतात. मग त्या सांगतात, जबडा सैल सोडा, श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, लांब सोडा. खडा तोच, गारठा तोच, पण मिनिट निघून जातं. घाबरलं की अंग आवळतं, आवळलं की जास्त दुखतं, हे तिथे हाताला कळलं. निखिलला माकडहाडाच्या वर तळहाताचा गादीसारखा भाग दाबून धरायला शिकवलंय. तो आधी फार हळू दाबायचा. आता बरोबर जमतं.

खरी भीती एकटं पडण्याची आहे. वर दिवे, भोवती अनोळखी माणसं, माझ्याबद्दल माझ्याच डोक्यावरून बोलणारी. म्हणून तर बाळंतपणात मला काय काय हवंय त्याचा कागद केला. सोबत माझ्या पसंतीचं माणूस. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर चालायची, बसायची मुभा. टाके घालायची वेळ आली तर आधी सांगणं. नाळ लगेच न कापता निदान मिनिटभर थांबणं, आणि बाळ पहिला तास माझ्या छातीवर. यातलं जगावेगळं काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. सोबतीचं माणूस सरकारी दवाखान्यांतही असावं, असं सरकारच्या प्रसूतिगृहं सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात २०१७ पासून आहे. सिझेरियन लागलंच तर त्याचाही परिच्छेद आहे कागदात: कारण मला सांगा, आणि निखिलला आत राहू द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतल्या शंभरातल्या सत्तेचाळीस जणींचं सिझेरियन झालेलं दिसतं. तो आकडा वाचल्यावर तो परिच्छेद न लिहिणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला, दोन ठिकाणी पेनने खूण केली, फाइलला लावला. त्या चांगल्या आहेत.

पण कागदावर "सोबत" लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आईच होती.

रात्री भांडी आवरून झाल्यावर ती आपणहून बोलली. माझ्या वेळचं. एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, विचारलं की "झालीस बाई एकदाची" एवढंच म्हणायची. रात्रभर एकटी होती. बाबा आणि आजी खाली, वर यायला बंदी. कळ आली की आया ओरडायची, आवाज करू नको. मांडीवर चापट मारली होती. पाणी मागितलं तर दिलं नाही. "सगळं चांगलंच झालं शेवटी," आई म्हणाली, "पण त्या खोलीत मी परत पाय ठेवणार नाही. तुझ्यासाठी सुद्धा नाही. मी घाबरले की तू घाबरशील." मग बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच ओटा.

मला काय बोलावं सुचलं नाही. राग मात्र आला, आईचा नाही. याच शहरात १८६३ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी घर उघडलं होतं, जिला कुणीच नाही अशा विधवेनेही येऊन सुरक्षित बाळंत व्हावं म्हणून. आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी माझ्या आईला, घरची माणसं खाली बसलेली असताना, घोटभर पाणी मिळालं नाही.

अजूनही वाटतंय, तिने यावं. पण मघापासून सिस्टरांचं एक बोलणं आठवतंय. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात, पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत जोर धरतीलच असं नाही. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच निघा. तसं काही नसेल तर फोन करून विचारा आणि तोवर घरीच खा, फिरा, पडून राहा. ते तास घरातले आहेत. कोथरूडच्या या घरातले, जिथे कुणी कुणाला आवाज करू नको म्हणत नाही. मऊ भात, कंबरेवर गरम पाणी, गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. ते तास आईचे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "त्याला कोण नाही म्हणतंय? तेवढं मीच करणार." आणि लगेच विचारलं, कळांच्या वेळा लिहायला वही कुठली घेऊ.

कर्वे रस्त्यावर गर्दीच्या वेळी अडकायला नको म्हणून कधी निघायचं ते निखिलशी नीट ठरवायला हवं. आणि गुरुवारी डॉक्टरांना विचारायचं की सोबतीचं माणूस मध्ये बदलता येतं का. निखिल थोडा वेळ बाहेर आला आणि त्या घडीला आईला यावंसं वाटलंच, तर दारावर तिला कुणी अडवू नये. तिला हे सांगणार नाहीये. कागदावर तिचं नाव फक्त लिहून ठेवते.