पोच

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी सोसायटीची वार्षिक सभा. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा ठराव आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी हरकत आहे. नोंदवून घ्या." माईक चालू होता, घसाही ठणठणीत होता. सेक्रेटरी हसले. "वहिनी, घाबरू नका, रेडिएशनचं सगळं विचारून घेतलंय." मग यांच्याकडे वळून, "साहेब, घरी जरा समजवा." रेडिएशनचा र मी उच्चारला नव्हता. माझा मुद्दा वॉटरप्रूफिंगचा आणि कराराच्या मुदतीचा. आणि फ्लॅट माझा आहे, शेअर सर्टिफिकेटवर नाव माझं. साहेब नुसते चहाला आले होते.

आत्ता ग्रुपवर इतिवृत्ताचा मसुदा पडला: "एका सभासदांनी शंका विचारली. शंकेचे निरसन करण्यात आले. ठराव सर्वानुमते मंजूर."

एम.ए.ला ऑस्टिन होता, बोलणं हीच कृती कशी होते हे सांगणारा तत्त्वज्ञ. हार्वर्डची १९५५ची व्याख्यानं. पुस्तक आलं १९६२मध्ये, तो गेल्यावर. "अनुमोदन देतो" म्हणणं हेच अनुमोदन देणं, असं त्याचं म्हणणं. मात्र बोलणाऱ्याला अधिकार हवा, आणि आपण काय करतोय हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. या कळण्याला मी तेव्हा वहीत 'पोच' लिहिलं होतं. १९९३मध्ये तत्त्वज्ञ रे लँगटननं हे पोर्नोग्राफीच्या वादात आणलं: बाई 'नाही' म्हणते, शब्द नीट ऐकू येतो, पण तो नकार म्हणून घेतलाच जात नाही. तोंड न दाबताही गप्प करता येतं. क्विल कुक्लाच्या २०१४च्या लेखातली कारखान्यातली मॅनेजर बाई आदेश देते आणि कामगारांना ती विनंती वाटते. माझ्या हरकतीची शंका झाली ती अशीच.

आपल्याकडे पंगतीत 'नको' म्हणजे 'वाढा'. ताटावर दोन्ही हात आडवे धरल्याशिवाय जिलबी थांबत नाही. तिथे चालतं, खेळ दोघांनाही ठाऊक असतो. (आईला मात्र खरंच नको असायची, शुगर होती. तरी वाढायचे.) सभेत हात कशावर धरायचे?

एक गोष्ट सलतेय. पोच मिळाल्याशिवाय हरकत पुरीच होत नसेल, तर मी हरकत घेतलीच नाही आणि सेक्रेटरींचं इतिवृत्त खरं! डॅनियल जेकबसननं १९९५मध्ये लँगटनला याच ठिकाणी अडवलं होतं: मग त्या बाईनं नकार दिलाच नाही म्हणायचं का? इथे मी त्याच्या बाजूची. हरकत मी घेतली. समोरच्याला पोच नाही, दोन्ही अर्थांनी, हा दोष त्याचा.

यांना विचारलं, तुम्ही काय ऐकलंत? म्हणाले, "तू चिडली होतीस."

पत्र लिहून झालंय. 'शंका' खोडून 'हरकत' करा आणि 'सर्वानुमते' काढा, एवढंच. उद्या ऑफिसला जाताना दोन प्रती काढेन. एक त्यांना, दुसरीवर सही-शिक्का, तारखेसकट.