छताचं दुखणं पोटात

उघड-बंद छताची कन्व्हर्टिबल गाडी आली तेव्हा तक्रार एकच होती, छत बंद होताना शेवटच्या चार बोटांवर अडकतं. पण रोज नाही, "कधी कधी". वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला हा "कधी कधी" शब्द ऐकला की आधीच डोकं दुखायला लागतं.

गाडी म्हणजे लांबलचक बॉनेट, व्ही-८ इंजिन, दोन सीट आणि कापडी छत. कापडी म्हटलं की लोकांना वाटतं स्वस्तातलं काम, पण तसं नाही, मर्सिडीजने २०२१ च्या एसएल मध्ये पत्र्याचं घडीचं छत काढून परत कापडी आणलं आणि तेवढ्यात २१ किलो वाचवले, तेही गाडीच्या अगदी वरच्या भागातले, म्हणजे वळणावर गाडी कमी झुकणार. असो.

स्कॅनर लावला. कोड सांगतोय लॅच, म्हणजे छताला पुढे पकडून ठेवणारे दोन हुक, शेवटपर्यंत पोचत नाही. ओनर म्हणाले लॅचची मोटर आधीच एका ठिकाणी बदलून झालीय. मी बटण दाबून छत उघड-बंद केलं, एकदा नाही दहा वेळा, दहाही वेळा व्यवस्थित. छत हलवणारा पंप ठीक, त्याचं तेल ठीक, सेन्सर ठीक, डिकीतलं सामानाचं पार्टिशनही जागेवर (निम्म्या वेळा छत त्याच्यामुळेच हलत नसतं). मग मी आपलं दोन्ही हुक जरा ॲडजस्ट केले आणि ट्रायलला निघालो. ही माझी चूक, रोग कळायच्या आधी औषध.

छत उघडं ठेवून खराब रस्त्यावर घातली तर आतला आरसा असा थरथरत होता की मागचा ट्रक दोन-दोन दिसत होता, स्टेअरिंगमध्येपण बारीक कंप. ओपन गाडी आहे, थोडं होणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. परत येताना गेटच्या उतारावर एक चाक वर एक खाली अशी थांबलो, सहज बटण दाबलं, आणि अडकलं! डावा हुक आत गेला, उजवा काही केल्या जाईना. सपाट फरशीवर आणलं की लगेच बसलं.

तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. म्हणजे छत बरोबर आहे, बॉडीच पिळली जातेय.

बंद गाडीत छत आणि खांब मिळून पेटी तयार होते, ती सहजी वाकत नाही. छत काढलं की काय उरतं, तर काडेपेटीतला नुसता आतला ड्रॉवर, दोन टोकांना धरून पिळून बघा. म्हणून कन्व्हर्टिबलमध्ये दाराखालचे सिल जाड करतात, काचेची फ्रेम मजबूत करतात आणि तळाला आडव्या-तिरक्या पट्ट्या मारतात, त्यामुळेच तीच गाडी बंद छताच्या कूपेपेक्षा जड असते. मॅकलरेन १२सी सारख्या गाडीत कार्बन फायबरचा टब, म्हणजे गाडीचा मुख्य सांगाडा, मुळातच इतका कडक होता की ओपन मॉडेलला वेगळी मजबुती लागली नाही, ४० किलो वाढले ते मुख्यतः छताचे आणि त्याच्या यंत्रणेचे. पण हे सगळ्यांना कुठे जमतं.

गाडी लिफ्टवर घेतली. मी वर बघत उभा, आणि आमचा ट्रेनी पोरगा म्हणतो, "सर, इथे काहीतरी होतं का?" तळाला सगळीकडे धूळ आणि मध्ये स्वच्छ पत्र्याचा मोठा फुलीसारखा डाग, चार टोकांना रिकामी बोल्टची भोकं. मॅन्युअल उघडलं तर तिथे ॲल्युमिनियमचा एक्स आकाराचा ब्रेस, म्हणजे बॉडी पिळू नये म्हणून तळाला लावायचा आधार, आणि खाली ठळक सूचना की याशिवाय गाडी चालवू नये. पोराच्या पाठीवर थाप मारली, मला तर हे तासाभरापूर्वीच दिसायला हवं होतं.

ओनरना फोन लावला. "हो हो, मध्ये सायलेन्सर बदलून घेतला, आवाजासाठी. ते पट्टीसारखं काहीतरी डिकीत ठेवून दिलं होतं त्यांनी, एक्स्ट्रा पार्ट समजून मी घरी काढून ठेवलं."

एक्स्ट्रा पार्ट!

ब्रेस आणवला, लावायला गेलो तर नव्या पाइपचा बाक बरोबर त्याच्या एका हाताला आपटतोय. म्हणजे ज्याने काढला त्याला माहीत होतं, बसेना म्हणून ठेवून दिला. आता दोनातलं एकच राहणार होतं. ओनर आले, बराच वेळ गाडीखाली उभे राहून कधी पाइपकडे कधी ब्रेसकडे बघत होते, शेवटी म्हणाले, जुना सायलेन्सर आहे अजून, लावा तोच.

बोल्ट नवीन घेतले, हे एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, गाडीचं वजन चाकांवर ठेवून आधी ठरलेल्या जोराने (टॉर्क) आणि मग ठरलेल्या कोनात आणखी फिरवून आवळले, मी हलवलेले हुक गुपचूप मूळ जागी आणले. मग मुद्दाम त्याच गेटच्या उतारावर उभी केली. छत टक् करून बसलं. आरशातला ट्रकपण एकच.

चार दिवसांनी त्यांचा फोन. "गाडी एकदम घट्ट झालीय हो, मस्त." मग जरा थांबून, "पण ब्रेसला न लागणारा एखादा पाइप मिळतो का बघा ना."

शोधतोय.