सातव्या ग्रीनवरची पावले

सार्वजनिक गोल्फ मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीत निम्मे काम उजाडण्यापूर्वीच उरकते. दहिवर गोठले असेल, तर मात्र हात बांधून थांबावे लागते, कारण तशा गवतावर पाऊल पडले की पात्यांमधील पेशी फुटतात. त्या क्षणी काहीच दिसत नाही आणि एकदोन दिवसांनी तपकिरी ठसे उमटतात. व्यवस्थापकांना त्या वेळात फक्त बुडालेले शुल्क दिसते.

त्या शनिवारी मुलांची स्पर्धा होती. ती भरवणाऱ्या कुटुंबाची तिसरी पिढी आता या कामात आहे. मोठ्यांचे जुने क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, कापून मुलांच्या हाती देण्याची पद्धत त्या घरातल्या आजोबांच्या मुलीने मोडली, कारण कापलेला दांडा ताठ होतो, डोके तेवढेच जड राहते आणि मूल चेंडूऐवजी क्लबशीच झुंजत बसते. आजोबांचा हट्ट चेंडू आदळून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडणाऱ्या खळग्यांचा: छोटा काटा कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलायचे, खालून उचकटायचे नाही, नाहीतर मुळे तुटतात, मग पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू हळूच ढकलायच्या क्लबने, हलके थोपटायचे. वर्षानुवर्षे शुल्क भरून खेळणाऱ्या कित्येक प्रौढांना जे येत नाही, ते यांच्याकडची आठ वर्षांची मुले न सांगता करतात.

मैदान उघडायला दीड तास उशीर झाला. तेवढ्यात आजोबांनी मुलांना वाहनतळावर गोळा करून गोठलेल्या गवतावर पाय का टाकायचा नाही, हे समजावून सांगितले.

सोमवारी सातव्या ग्रीनवर, जिथे झाडांच्या सावलीमुळे दहिवर सर्वांत उशिरा वितळते, पावलांची तपकिरी रांग उमटली होती. डावे पाऊल घासत गेलेले होते आणि ठसे जिथे जिथे थांबले होते, तिथे एकेक खळगा अतिशय सफाईने बुजवलेला होता. डावा पाय ओढत चालणारा आणि पहाटे, कुणी येण्याआधी, खळगे बुजवत फिरणारा माणूस इथे एकच आहे. अलीकडे त्यांची नजर बरीच अधू झाली आहे.

दुपारी ते स्वतःच आले आणि वाकून बराच वेळ ते ठसे न्याहाळत राहिले.

"आमच्या मुलांपैकी कुणी असेल, तर नाव सांगा."

"नाही आजोबा, आमच्याच माणसाचे आहेत."

"मग त्याला रागावू नका, पुन्हा एकदा शिकवा."

आता गारठ्याच्या दिवसांत मागचे फाटक मी रात्रीच कुलूपबंद करतो. त्यांच्या मुलीला कारण सांगावे की नाही, हे अजून ठरत नाही.