देठातला रस

आज सकाळी ७ लाच कपाशीत शिरलो. दवानं पँट गुडघ्यापर्यंत ओली. कृषीचा पदवीधर मित्र परभणीहून रस तपासायचं छोटं मीटर घेऊन आला होता. ऊन चढायच्या आत शेंड्यापासून चौथं-पाचवं पान घेतलं, आणि त्याच झाडांची खालची जुनी पानं वेगळी. पानाचा पसरट भाग तिथंच खुडून टाकायचा, नाहीतर तो देठातलं पाणी ओढून घेतो. देठ बारीक चिरले, आईच्या लसूण दाबायच्या चिमट्यात पिळले, हिरवट थेंब मीटरवर सोडला.

नायट्रेट, म्हणजे युरियातून मिळतं ते नत्र, ठीक. पोटॅश मात्र जुन्या पानांत वरच्या पानांच्या निम्मंही नाही. म्हणजे बोंडं पोसायला झाड खालच्या पानांतलं ओढून वर नेतंय. आणि पान अजून हिरवंगार! मी रोज त्याच ओळीतून फिरतो, मला काहीच दिसलं नव्हतं.

माती परीक्षणात पोटॅश भरपूर आलं होतं. आपल्या काळ्या रानात ते असतंच. पण परवाच्या पावसानं पाणी साचलं, मुळ्या गुदमरल्या, उचलणार कोण? माती कणगीत काय आहे ते सांगते, रस ताटात काय पडलं ते.

दादांनी युरियाची गोणी आधीच बांधावर आणून ठेवली होती. आकडे दाखवले. थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच गोणी परत बैलगाडीत टाकली.

उद्या 00:00:50 ची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पोटॅश खताची फवारणी, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. आठवड्यानं पुन्हा रस तपासायचा, त्याच ओळी, त्याच वेळेला.