फॅसिनेट म्हणजे भुरळ नव्हे

अनुवाद करताना 'फॅसिनेट' दिसलं की हात आपोआप 'भुरळ'कडे वळतो, आणि तिथेच घोळ होतो. भुरळ पाडणारी गोष्ट आवडावी लागते. फॅसिनेट करणारी आवडलीच पाहिजे असं नाही. एखादीला कोळ्याची किळस वाटते, तरी जाळं विणणाऱ्या कोळ्यावरून तिची नजर हटत नाही. इंग्रजीत ती 'फॅसिनेटेड'. 'कोळ्याने तिला भुरळ घातली' म्हटलं तर वाचक हसेल. इथे 'नजर हटेना' किंवा 'बघतच राहिली' हवं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ करणी करणं. साप नुसत्या नजरेने भक्ष्याला जागीच खिळवतो, या जुन्या समजुतीसाठीही इंग्रजीत हाच शब्द होता.

'इंट्रीग'मध्ये कोडं असतं. बंद दाराआडून विचित्र आवाज येतोय, तर शेजारी इंट्रीग्ड. दार उघडून मिक्सर दिसला की इंट्रीग संपलं. फॅसिनेशन मात्र उत्तर मिळाल्यावरही टिकतं. वर्षानुवर्षं तेच तारे बघणाऱ्याला विचारा. मराठीत 'इंट्रीग'ला 'कुतूहल चाळवलं' पुरतं. नाम म्हणून 'इंट्रीग' आलं तर बहुतेकदा कारस्थान. 'पॅलेस इंट्रीग'चं 'राजवाड्याचं कुतूहल' करू नये.

खरी भुरळ 'चार्म'मध्ये आहे: माणसाचं वागणं, जुनं घर, छोटं गाव. 'एन्थ्रॉल'मधला 'थ्रॉल' म्हणजे गुलाम, पण आज तो शब्द रंगलेल्या मैफलीला किंवा गोष्टीला शोभतो. आपलं 'खिळवून ठेवलं' तिथे चपखल बसतं.

'मेस्मराइज' हा फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरच्या नावावरून आला. त्याच्या 'प्राणी-चुंबकत्वा'ला, म्हणजे शरीरातल्या अदृश्य शक्तीने रोग बरे करण्याच्या उपचाराला, आधार नाही, असा निष्कर्ष १७८४ मध्ये फ्रान्समधल्या चौकशी आयोगाने काढला. बेंजामिन फ्रँकलिन त्या आयोगात होता. उपचार बाद झाला, शब्द उरला. लाटा, ज्वाळा, गिरकी, अशा लयीत हलणाऱ्या गोष्टींना तो विशेष जमतो. पानभर आकडेमोडीला कशाला लावायचा?

शब्दयोगी अव्ययांचीही एक गंमत आहे. 'हिज फॅसिनेशन विथ स्नेक्स' आणि 'स्नेक्स हॅव अ फॅसिनेशन फॉर हिम': पहिल्यात 'विथ'नंतर साप, दुसऱ्यात 'फॉर'नंतर माणूस. ओढला जाणारा दोन्हीकडे तोच. मराठीत दोन्हींना 'त्याला सापांचं विलक्षण आकर्षण आहे' चालतं. दुसऱ्याचं 'सापांना त्याचं आकर्षण आहे' केलं, तर साप त्याच्या मागे लागतील.

आणि 'आय अ‍ॅम फॅसिनेटिंग' म्हणजे 'मला कुतूहल वाटतंय' नव्हे. त्याचा अर्थ 'मी फारच विलक्षण माणूस आहे' असा होतो. तिथे 'फॅसिनेटेड'च लिहा.