राख होते न जी, तेच खत!

सकाळी नागपूरच्या धरमपेठेत करंजाच्या पानांचा ढीग पेटवताना झाडणारे काका म्हणाले, "राख होते न जी, तेच खत!"

अर्धं खरं आहे. राखेत पालाश (पोटॅशियम), चुना, थोडं स्फुरद (फॉस्फरस) उरतं. पण नत्र, म्हणजे नायट्रोजन? तो बहुतेक सगळा धुरासोबत हवेत जातो. शिवाय राख अल्कधर्मी, आणि आपली काळी माती आधीच तशीच. म्हणजे नको ते वाढवतो आणि हवं ते उडवतो.

पान गळण्याआधी झाडच त्यातला बराचसा नत्र परत ओढून घेतं. (झाडं हिशेबाला पक्की!) म्हणून वाळक्या पानात कार्बन जास्त: नत्राच्या साधारण पन्नास पट. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस पट सोसतो. नुसता ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो तो यामुळे.

म्हणून खत करताना पानांत नत्र मिसळायचा: तीन घमेली चुरलेली पानं, एक घमेलं ताजं शेण किंवा भाजीची देठं. असे थर, ढीग कमरेएवढा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. दहा दिवसांनी उलथापालथ. अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त झाला, पानं घाला. नासका वास आला तर हवा कमी, लगेच उलथवा.

नागपुरात खरा घात मे महिन्यात होतो. पंचेचाळीस अंशांत ढीग वाळतो आणि कुजणं थांबतं. सावली, वर ओलं पोतं, एवढंच लागतं.

तुमच्या गल्लीत पानं कुठं जातात?