झॅबिक्सच्या पेटीला कुलूप : घरच्या लॅबची नोंदवही

गेटवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर दिवाळीत सलग दोन दिवस बंद होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. आम्ही सगळे गावी होतो. परत आल्यावर बाबांनी रेकॉर्डिंग पाहायला घेतलं तेव्हा मधले दोन दिवस गायब दिसले. त्याच आठवड्यात ठरवलं की घरातल्या यंत्रांवर कायम नजर ठेवणारं काहीतरी बसवायचं.

सामान नवं काही घेतलं नाही. जिन्याखालच्या कपाटात सेकंडहँड मिनी पीसी आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर. शेजारी ओपीएनसेन्स या सॉफ्टवेअरचा छोटा फायरवॉल (कुठली जोडणी जाऊ द्यायची ते ठरवणारा), आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (यंत्रांच्या वायरी जोडणारा, सेटिंग बदलता येणारा), एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) आणि यूपीएस. नजर ठेवण्यासाठी झॅबिक्स निवडलं. लॅटव्हियातल्या रिगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेलं आणि २००१ पासून सर्वांसाठी खुलं असलेलं हे सॉफ्टवेअर. त्याचं तयार अप्लायन्स, म्हणजे सगळं घालून दिलेलं व्हर्च्युअल मशीन, मिळतं. अल्मालिनक्स या लिनक्सच्या प्रकारावर सर्व्हर, डेटाबेस, वेबपान सगळं आधीच बसवलेलं असतं. डिस्कची फाइल प्रॉक्समॉक्समध्ये घेतली की अर्ध्या तासात आलेख दिसू लागतात.

मात्र ते अप्लायन्स अजमावून पाहण्यासाठी आहे, रोजच्या कारभारासाठी नाही, असं झॅबिक्सच्या कागदपत्रांतच लिहिलंय. कारण पहिल्या लॉगिनलाच कळतं. रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड 'झॅबिक्स', वेबपानावर 'अ‍ॅडमिन'चा पासवर्डही 'झॅबिक्स'. पत्ता डीएचसीपीवरून (नेटवर्क आपोआप देईल तो), वेबपान कुठूनही उघडणार, घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर). फायरवॉलचे नियम मात्र त्यांनी नीट घालून दिलेत : एसएसएचचं (दुरून लॉगिन करण्याचं) २२, वेबची ८० आणि ४४३, एजंटची (यंत्रावर बसून झॅबिक्सला माहिती देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) १००५० आणि १००५१, एसएनएमपी या यंत्रांची माहिती घ्यायच्या पद्धतीतल्या ट्रॅपचं, म्हणजे आपोआप येणाऱ्या सूचनांचं, १६२ ही दारं (जोडणीचे क्रमांक) उघडी, आत येणारं बाकी सगळं बंद. म्हणजे पाया चांगला आहे, कुलपं आपली आपण लावायची.

या पेटीबद्दल मला इतकं का वाटतं ते सांगतो. घरातल्या प्रत्येक यंत्राची किल्ली हिच्याकडे जमा होते. एनएएसचा एसएनएमपी पासवर्ड, स्विचचा पासवर्ड, एजंटच्या गुप्त किल्ल्या, सगळं. कुणी डीव्हीआरमध्ये घुसला तर त्याला डीव्हीआर मिळेल. या पेटीत घुसला तर त्याला घराचा नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा एकदम मिळेल.

पहिला शनिवार

दोन्ही पासवर्ड बदलले आणि मगच नेटवर्कची वायर जोडली. हा क्रम पाळाच. पासवर्ड प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलवरून (मशीनचा पडदा आणि कीबोर्ड ब्राउझरमध्ये) बदलता येतात, त्यासाठी झॅबिक्सच्या मशीनला स्वतःचं नेटवर्क लागत नाही.

मग व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी जाळी. घरचं जाळं १९२.१६८.१.० वर आहे ते तसंच ठेवलं. व्यवस्थापनासाठी व्हीलॅन १०, म्हणजे १९२.१६८.१०.०. कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३०. झॅबिक्सला १९२.१६८.१०.५ हा कायमचा पत्ता दिला. आकड्यांचं बंधन काही नाही, ४०९४ पर्यंत कुठलाही व्हीलॅन घेता येतो. पण व्हीलॅनचा आकडा आणि पत्त्यातला तिसरा आकडा एकच ठेवला तर रात्री एक वाजता डोकं कमी खाजवावं लागतं.

स्विचवर हात घालण्यापूर्वी एक गोष्ट केली, आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिने मला दोनदा वाचवलं. स्विचचा आठवा पोर्ट फक्त व्हीलॅन १० साठी राखला, टॅग (व्हीलॅनचा आकडा सांगणारी खूण) नाही, काही नाही. त्यावर लाल टेप लावली. बाकी सगळं बिघडलं तरी लॅपटॉपची वायर त्या पोर्टला लावली की मी थेट व्यवस्थापनाच्या जाळ्यात. कपाटाला खरं कुलूप आहे, म्हणून हा पोर्ट उघडा ठेवायला हरकत वाटली नाही. मिनी पीसीजवळ एचडीएमआय केबल आणि कीबोर्डही ठेवून दिलाय, कारण प्रॉक्समॉक्सचं कन्सोल त्याच जाळ्यातून उघडतं आणि जाळंच तुटलं तर ते कुठून उघडणार?

दुसरा शनिवार आणि रविवार

हा भाग सविस्तर लिहितो, कारण यात पूर्ण दीड दिवस गेला.

झॅबिक्सला डीव्हीआर दिसायला हवा होता आणि डीव्हीआर व्हीलॅन ३० मध्ये. मला सोपा वाटलेला मार्ग असा : झॅबिक्सच्या व्हर्च्युअल मशीनला दुसरं नेटवर्क कार्ड द्यायचं, ते थेट व्हीलॅन ३० मध्ये. दिलं. त्याने डीएचसीपीवरून पत्ता घेतला, डीव्हीआरला पिंग ('आहेस का?' असं विचारणारी हाक) गेलं, मी जेवायला गेलो.

संध्याकाळी मशीन रीबूट केलं आणि घरच्या वायफायवरून वेबपान उघडेना. लाल टेपच्या पोर्टवरून मात्र लगेच उघडत होतं. आधी ओपीएनसेन्सचे नियम तपासले, बरोबर होते. वेबपान दाखवणारं एनजिनएक्स चालू होतं. शेवटी येणारे-जाणारे डेटाचे तुकडे (पाकिटं) दाखवणारं टीसीपीडंप लावलं. पहिल्या कार्डावर माझ्या लॅपटॉपची विनंती येताना स्वच्छ दिसत होती आणि उत्तर कुठल्याच कार्डावरून बाहेर जात नव्हतं.

रविवारी सकाळी उलगडा झाला. दुसऱ्या कार्डाला डीएचसीपीने पत्त्यासोबत गेटवेही (जाळ्याबाहेर जायचा रस्ता) दिला होता. आता मशीनकडे बाहेर जायचे दोन रस्ते, आणि रीबूटनंतर कॅमेऱ्यांच्या बाजूचा रस्ता पहिल्या पसंतीचा झाला. घरच्या वायफायवरून आलेली विनंती पहिल्या कार्डावर येते, तिचं उत्तर मात्र दुसऱ्या कार्डावरून पाठवायचं, असं मशीनचं गणित झालं. रेडहॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये उलट्या मार्गाची कडक तपासणी चालू असते : ज्या कार्डावरून पाकीट आलं त्याच कार्डावरून उत्तर जाणार नसेल तर ते पाकीट खोट्या पत्त्याचं समजून टाकून दिलं जातं. लाल पोर्टवरचा लॅपटॉप त्याच जाळ्यात असल्यामुळे त्याला गेटवे लागतच नव्हता, म्हणून तिथून सगळं चालत होतं.

इंटरनेटवर यावर लगेच मिळणारा उपाय म्हणजे ती तपासणीच बंद करणं. तो करू नका. नेटवर्क मॅनेजरमध्ये दुसऱ्या कार्डाला 'कधीही डीफॉल्ट नाही' असं सांगता येतं, तेवढ्याने प्रश्न सुटतो. मी ते करून पाहिलं, सुटला.

पण चहा पिताना वेगळीच गोष्ट लक्षात आली. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले ते का? त्यांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे, त्यावर माझा भरवसा नाही, म्हणून. आणि त्याच जाळ्यात मी किल्ल्यांच्या पेटीचा एक पाय ठेवला होता, मध्ये फायरवॉल नाही. दोन जाळ्यांत पाय असलेलं मशीन म्हणजे फायरवॉलला वळसा घालणारी पायवाट. दुसरं कार्ड काढूनच टाकलं. ओपीएनसेन्सवर एक नियम लिहिला : १९२.१६८.१०.५ वरून डीव्हीआरकडे पिंग आणि व्हिडिओचं ५५४ हे दार, एवढंच. उलट दिशेने काही नाही. एका ओळीत काम झालं आणि ती ओळ मला कधीही वाचता येते.

दुपारी बाबांचा आवाज आला, "अरे, मोबाइलवर गेट दिसत नाहीये." व्हीलॅन बदलताना त्यांच्या फोनसाठीचा नियम राहिला होता. तो लिहिला. घरातल्या माणसांना काय लागतं याची यादी आधी करायला हवी होती.

तिसरा आठवडा, रोज रात्री थोडं थोडं

एसएसएच : लॉगिनची किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) ईडी२५५१९ जातीची, पासवर्डने लॉगिन बंद, रूटला थेट प्रवेश बंद. बदल केल्यावर आधी फाइल तपासून घ्यायची (एसएसएचच्या सेवेला, म्हणजे एसएसएचडीला, 'टी' पर्याय दिला की चूक असेल तर तो सांगतो), मग सेवा पुन्हा सुरू करायची, आणि जुनी खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहायचं. दुसरी उघडली तरच पहिली मिटायची.

घड्याळ : यूटीसीवर ठेवलेलं मशीन रात्री ८.४० ला काहीतरी बंद पडलं असं सांगतं, प्रत्यक्षात इथे पहाटेचे २.१० वाजलेले असतात. कोलकाता टाइमझोन लावला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू आहे ना ते पाहिलं. २०२४ मध्ये आलेल्या झॅबिक्स ७.० पासून लॉगिनला दुसरा टप्पा लावता येतो, फोनवरच्या ॲपमधला सहा अंकी आकडा. तो आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि वेळेवरूनच काढला जातो. मी मशीन थांबवून ठेवलं होतं, उठवल्यावर घड्याळ काही मिनिटं मागे, आणि बरोबर आकडा टाकूनही दार उघडेना. टाइमझोनचा इथे संबंध नाही, घड्याळ खरं चालायला हवं. लाल पोर्ट, एसएसएच, क्रोनीला ताबडतोब वेळ जुळवायला सांगितलं, उघडलं.

प्रमाणपत्र (ब्राउझरला सर्व्हरची ओळख पटवणारं) : घरच्या यंत्रांना होम.आर्पा या शेवटाची नावं दिली आहेत. हे नाव २०१८ पासून घरगुती जाळ्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे उद्या कुणी विकत घेईल ही भीती नाही. स्वतःची प्रमाणपत्र-संस्था ओपीएनसेन्समध्येच बनवली आणि झॅबिक्सला एकदम दहा वर्षांचं प्रमाणपत्र दिलं. लॅपटॉपवर चाललं, बहिणीच्या आयपॅडने नाकारलं. तिथे सर्व्हरचं प्रमाणपत्र ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं चालत नाही, स्वतःच्या संस्थेने दिलेलं असलं तरी. आता एक वर्षाचं केलंय. नाव पर्यायी नावांच्या रकान्यातही घालायला विसरू नका, क्रोम २०१७ पासून फक्त तोच रकाना वाचतं. एचएसटीएस, म्हणजे ब्राउझरने कायम सुरक्षित जोडणीनेच यावं ही सूचना, अजून लावलेलं नाही. ते एकदा ब्राउझरच्या लक्षात बसलं की प्रमाणपत्र चुकल्यावर 'तरीही पुढे जा' हा रस्ताच उरत नाही. दोन-तीन वेळा प्रमाणपत्र सुरळीत बदलून झालं की मग लावेन.

चौथा शनिवार : एजंटच्या किल्ल्या

एजंट आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं मुळात उघडं असतं. प्रत्येक यंत्रासाठी ओपनएसएसएल या साधनाने ६४ हेक्स अंकांची (० ते ९ आणि ए ते एफ) वेगळी किल्ली काढली, म्हणजे २५६ बिट. सगळ्यांना एकच किल्ली देण्याचा मोह होतो, पण मग एक यंत्र गेलं की सगळी गेली. किल्लीसोबत जे ओळखनाव द्यायचं असतं ते तारेवरून उघडंच जातं, तेव्हा त्यात काही गुपित लिहू नका.

इथेही आधी नवं दार उघडायचं, मग जुनं बंद करायचं. एजंटच्या फाइलमध्ये स्वीकारायच्या जोडण्यांसमोर 'विनाकिल्ली' आणि 'किल्लीसह' हे दोन्ही पर्याय एकत्र लिहिता येतात. आधी तसं लिहिलं, मग सर्व्हरवर त्या यंत्राची जोडणी किल्लीवर नेली, हिरवा चौकोन दिसला, मग एजंटमधून 'विनाकिल्ली' काढून टाकलं. सहा यंत्रं, एकही मिनिट नजर सुटली नाही.

एजंटला सर्व्हरकडून हवा तो हुकूम चालवायची मुभा देता येते. मुळात ती बंद असते. बंदच ठेवली. पेटी बघणारी आहे, तिला बघूच द्यावं.

एनएएस आणि स्विच एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीवर होते, जिथे पासवर्डऐवजी एक शब्द उघडा फिरतो. एनएएस तिसऱ्या आवृत्तीवर नेला, ओळख आणि गुप्तता दोन्ही चालू करून. स्विचला तिसरी आवृत्ती येत नाही. त्याचा 'पब्लिक' हा शब्द बदलला आणि एसएनएमपी फक्त व्हीलॅन १० पुरतं ठेवलं.

आता बॅकअप. झॅबिक्समध्ये पासवर्ड 'गुप्त मजकूर' म्हणून ठेवता येतो आणि पडद्यावर तारे दिसतात, पण डेटाबेसमध्ये तो साध्या अक्षरांतच असतो. एजंटच्या किल्ल्याही तशाच. म्हणजे रोज रात्री एनएएसवर पडणारी बॅकअपची फाइल हा त्या जुडग्याचाच दुसरा संच. माझ्याकडे ती चार आठवडे सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पडत होती. जुन्या फाइली पुसल्या, नवी फाइल आधी कुलूपबंद होते आणि मगच एनएएसवर जाते. तिची किल्ली कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवली आहे.

बाहेरून येण्याचं

आमच्या कनेक्शनला खरा सार्वजनिक पत्ता नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ पासून सुरू होणाऱ्या, पुरवठादारांनी आपसात वापरायच्या पट्ट्यातला पत्ता दिसतो, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग नाही. तसंही वेबपान इंटरनेटवर उघडायचं नाही हे पक्कं आहे. एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड, म्हणजे कुलूपबंद बोगदा करणारं सॉफ्टवेअर, बसवलं, घरचा फायरवॉल स्वतःहून त्याला जोडला जातो, आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवून मधला रस्ता उघडा ठेवतो. फोनवरून त्या बोगद्यातून आलो तर फक्त झॅबिक्सचं ४४३ दिसतं. प्रॉक्समॉक्स आणि स्विच तिथूनही दिसत नाहीत.

राहिलेलं

स्विचचं स्वतःचं पान अजून साध्या एचटीटीपीवर (विनाकुलूप) आहे, त्याला दुसरं काही येत नाही. तो बदलावा लागेल. बॅकअप कोऱ्या मशीनवर उतरवून पाहिलेला नाही, पुढच्या शनिवारचं पहिलं काम तेच. आणि यूपीएस नटला (यूपीएसची स्थिती सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडायचाय. सध्या वीज गेल्यावर झॅबिक्स एवढंच सांगतं की स्विच दिसत नाही. बॅटरी किती उरली आहे तेही मला हवंय. कुणी नट आणि झॅबिक्स जोडलं असेल तर कुठला टेम्प्लेट (काय तपासायचं त्याचा तयार साचा) वापरलात ते जरूर कळवा.